फ्रेड क्यूनी: वेढ्यातल्या शहराला पाणी पोचवणारा माणूस

पंपहाउस (इंदूर), मूळ लेख

युद्धग्रस्त भागांत मदतकार्य करणाऱ्यांचा विषय निघाला की मराठी माणसाला प्रथम सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, आणि ते स्वाभाविकच आहे. 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले कोटणीस डिसेंबर 1942 मध्ये तिकडेच वारले, तेव्हा ते अवघे बत्तीस वर्षांचे होते. त्यांच्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी येथे ज्याच्याविषयी लिहिणार आहे तो डॉक्टर नव्हता. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात वाढलेला फ्रेडरिक क्यूनी हा उंचापुरा गडी पाण्याच्या वाहिन्या, शौचालयांच्या जागा, तंबूंची मांडणी आणि धान्याचे बाजारभाव यांचा हिशेब करत पाव शतक दुष्काळ, भूकंप आणि युद्धे यांतून फिरला आणि एप्रिल 1995 मध्ये रशियातून फुटू पाहणाऱ्या चेचन्यात नाहीसा झाला. माझी सारी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली असल्यामुळे मला या माणसाचे विशेष अप्रूप आहे, हे आधीच सांगून टाकतो.

त्याचा जन्म 14 नोव्हेंबर 1944 चा. नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रात 1969 साली तो पोचला, तेव्हा पंचविशीही उलटलेली नव्हती. तेथे त्याला जे दिसले त्याने त्याच्या पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरली. जगभरातून माल येत होता, विमाने उतरत होती, देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण कोणत्या गावाला नेमके काय हवे आहे, हे विचारण्याची व्यवस्थाच कोणी उभी केली नव्हती. परत गेल्यावर 1971 मध्ये त्याने डॅलसला ‘इंटरटेक्ट’ नावाची छोटी सल्लागार संस्था काढली. मोठ्या मदतसंस्था अडल्या की या चार माणसांच्या कचेरीला बोलावू लागल्या.

निर्वासितांच्या छावण्या पूर्वी लष्करी तळाप्रमाणे आखल्या जात. तंबूंच्या सरळ लांब रांगा लावायच्या आणि शौचालये एका टोकाला ठेवायची, अशी ती रीत होती. क्यूनीचे म्हणणे असे की, सैनिकाला शिस्तीने चालत जाता येते, परंतु हगवण लागलेल्या पोराला कडेवर घेतलेली बाई रात्री त्या टोकापर्यंत जात नाही, आणि मग तंबूंच्या मधल्या वाटाच घाण होतात. 1972 च्या डिसेंबरात निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने कोसळली, त्यानंतरच्या छावणीत त्याने काही कुटुंबांचे तंबू मधल्या अंगणाभोवती बसवले आणि पाण्याची व शौचाची सोय त्या त्या गटाच्या हाताशी आणली. आपल्या वाड्यांत आणि चाळींत राहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, पण मदतकार्याच्या जगात ही गोष्ट तेव्हा नवी होती.

इराकी कुर्द 1991 च्या वसंतात लाखोंच्या संख्येने तुर्कस्तानच्या सीमेवरील बर्फाळ डोंगरांत अडकले, तेव्हा अमेरिकी सैन्याचा सल्लागार म्हणून क्यूनी तेथे गेला. डोंगरावरच पक्क्या छावण्या बांधल्या तर ही माणसे आयुष्यभर निर्वासित राहतील, म्हणून खालच्या झाखो खोऱ्यात संरक्षित जागा तयार करून त्यांना घराकडे वळवावे, असा त्याचा आग्रह होता. जूनच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक लोक डोंगर उतरून परतले होते.

आता बोस्नियाची राजधानी सारायेव्हो हिच्याकडे येतो, कारण माझ्या मते त्याचे सर्वोत्तम काम तेथले. एप्रिल 1992 ते फेब्रुवारी 1996 एवढा काळ ते शहर वेढ्यात होते. इलिजा उपनगराजवळच्या बाचेव्हो येथील विहिरींतून शहराला मुख्य पुरवठा होत असे आणि ते ठिकाण वेढा घालणाऱ्या सर्ब सैन्याच्या ताब्यात होते. पंपांना लागणारी वीजही त्यांच्याच हद्दीतून यायची. इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटर अंतरावरून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून आणावे लागते. तेथे वीज गेली की शहरात दुसऱ्या दिवशी काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना सारायेव्होची नस कोठे होती हे वेगळे सांगायला नको. तोफ न डागता एक झडप फिरवूनही शहर गुडघ्यावर आणता येत होते.

लोक प्लास्टिकचे कॅन मुलांच्या बाबागाडीत आणि बर्फावरच्या घसरगाडीत घालून जुन्या बीअर कारखान्याच्या झऱ्यावर जात. नेमबाजांना आणि तोफचींना या रांगा ठाऊक होत्या. जानेवारी 1993 मध्ये त्या कारखान्यापाशी आणि जुलै 1993 मध्ये दोब्रिन्या वस्तीत पाण्यासाठी उभी असलेली माणसे तोफगोळ्यांनी मारली गेली. पाणी आणायला जाणे हेच तेथे मरणाचे एक कारण झाले होते. क्यूनीने नेमके हेच कारण काढून टाकायचे ठरवले.

जॉर्ज सोरोस यांनी दिलेल्या 5 कोटी डॉलरच्या निधीतून, इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी या संस्थेमार्फत त्याने 1993 मध्ये काम हाती घेतले. शहराच्या मधोमध मिल्याचका नदी वाहते. तिचे पाणी उचलून शुद्ध करायचे आणि टेकड्यांवरील जुन्या टाक्यांत चढवायचे, म्हणजे तेथून ते आपल्या भारानेच खाली घरांत उतरेल, अशी योजना होती. शुद्धीकरणाची यंत्रणा टेक्सासमध्ये तुकड्यातुकड्यांनी तयार झाली. प्रत्येक तुकडा सी-130 हर्क्युलिस विमानाच्या पोटात जेमतेम मावेल, दोन्ही बाजूंना काही इंचच उरतील, अशी मापे धरली होती. धावपट्टी माऱ्यात असल्यामुळे विमान थांबवून क्रेन लावणे शक्य नव्हते, म्हणून तुकडे चाकांवर घालून काही मिनिटांत बाहेर ओढले जात. मग ते शहरातल्या एका रस्त्याच्या बोगद्यात नेऊन जोडण्यात आले, कारण वर डोंगर असल्याने तेथे गोळा पोचत नव्हता. मी स्वतः जलशुद्धीकरणाची केंद्रे उभारताना पाहिली आहेत. चांगला रस्ता, वीज आणि ठेकेदार हाताशी असतानाही त्यांना किती काळ लागतो हे मला माहीत आहे.

इंधनाचीही तीच कथा. कडाक्याच्या थंडीत लोकांनी उद्यानातली झाडे आणि घरातले फर्निचर जाळले होते. शहरात नैसर्गिक वायूची वाहिनी होती, पण घराघरांत रबरी नळ्यांनी केलेल्या चोरट्या जोडण्यांमुळे स्फोट होत. क्यूनीच्या माणसांनी कमी दाबाच्या प्लास्टिक नळ्या पुरवल्या आणि चर खणण्याचे काम त्या त्या गल्लीतल्या रहिवाशांनीच केले.

चेचन्यात युद्ध डिसेंबर 1994 मध्ये सुरू झाले. तिथली राजधानी ग्रोझ्नी पाहून आल्यावर त्याने न्यूयॉर्कच्या एका नामांकित पाक्षिकात लेख लिहिला, तो 6 एप्रिल 1995 च्या अंकात आला. सारायेव्होत सर्वाधिक माऱ्याच्या दिवशी 3,500 स्फोट नोंदले गेले होते, तर ग्रोझ्नीत फेब्रुवारीच्या आरंभी त्याच्या एका सहकाऱ्याने तासाला 4,000 मोजले, असे त्यात आहे. लेख छापून येत असतानाच तो पुन्हा चेचन्यात शिरला होता. बरोबर रेड क्रॉसचे दोन रशियन डॉक्टर आणि एक दुभाषी बाई होत्या. बामूत गावाच्या परिसरात चौघेही नाहीसे झाले. त्याचा भाऊ आणि मुलगा महिनोन्‌महिने शोध घेत फिरले. ऑगस्टमध्ये कुटुंबीयांनी जाहीर केले की, हे लोक हेर असल्याच्या रशियन बाजूने पेरलेल्या अफवेमुळे चेचेन बंडखोरांनीच त्यांना ठार केले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याचा देह मिळालाच नाही. त्याच वर्षी त्याला अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप जाहीर झाली.

जाणकारांनी भर घालावी ही विनंती.

महूवाला

पंपहाउस साहेब, लेख आवडला. लष्करी वैद्यकीय सेवेत असताना सामान उतरवण्याचा ताण अनुभवलेला असल्यामुळे बोगद्याचा आणि मापांचा तपशील मनापासून भावला. मात्र एक शंका नोंदवतो. मदतकर्त्याचे खरे चिलखत म्हणजे त्याचा तटस्थपणा, अशी शिकवण सोल्फेरिनोच्या 1859 च्या लढाईनंतर आंरी द्यूनां यांच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या रेड क्रॉसची आहे. क्यूनी मात्र कुर्दिस्तानात एका सैन्याचा सल्लागार होता, सोमालियात सैन्य कसे उतरवावे यावर त्याने टिपणे दिली, आणि चेचन्यात रशियावर उघड टीका करणारा लेख लिहून तो पुन्हा त्याच रणभूमीत गेला. असा माणूस हेर नाही, हे रानातल्या बंदूकधाऱ्याने कशावरून ओळखावे? त्याच्या धैर्याविषयी मला आदर आहे, परंतु बरोबरच्या तिघांचा विचार करता हे धैर्य थोडे महागडे वाटते.

कोटणिसांविषयीही हेच म्हणता येईल, कारण ते चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या बरोबर होते. परंतु ते एका बाजूचे डॉक्टर म्हणून उघडपणे राहिले, त्यामुळे त्यांच्या ओळखीविषयी कोणाला संशय नव्हता.

माळवद

मी मूळची लातूर जिल्ह्यातली, लग्नानंतर इंदूरला आले. येथे ग्वातेमालाचा उल्लेख यायला हवा होता, म्हणून लिहिते. 4 फेब्रुवारी 1976 च्या पहाटे तेथे भूकंप झाला आणि सुमारे 23,000 माणसे दगावली. कच्च्या विटांच्या भिंती आणि वरची जड कौले झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे हेच घडले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून दमलेले लोक घरात झोपले होते आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींवरची माळवदे त्यांच्या अंगावर आली. माळवद म्हणजे लाकडावर मातीचे जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर. उन्हाळ्यात खाली गारवा राहतो, पण त्याचे वजन भयंकर असते.

ग्वातेमालात क्यूनीने ज्यांच्याबरोबर काम केले त्या संस्थांनी तयार घरे आणून वाटली नाहीत. छपरासाठी हलके पत्रे सवलतीच्या दरात विकले आणि भिंतींना आधार कसा द्यावा, कोपरे कसे बांधावेत, हे गावातल्या गवंड्यांना शिकवले. फुकट न देता विकणे हे वरवर निष्ठुर दिसते. पण विकत घेतलेल्या पत्र्याची निवड माणूस स्वतः करतो आणि गावातला दुकानदारही टिकतो. परदेशी धान्याचा ढीग पडला की ज्या शेतकऱ्याचे पीक वाचलेले असते त्याचा भाव पडतो आणि भूकंपातून वाचलेला माणूस मदतीने बुडतो, हा त्याचा मुद्दा होता. आमच्याकडे काही गावे पार उचलून नव्या जागी नेली. तेथली घरे पक्की झाली, पण आखीव रांगांत गोठ्याला आणि बैलगाडीला जागा उरली नाही, अशी तक्रार मी नातेवाइकांकडून वर्षानुवर्षे ऐकत आले आहे.

खान_नदीकाठी

मी येथे स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पंपहाउस काका, सारायेव्होचे केंद्र तयार झाल्यावरही कित्येक महिने पाणी सोडले गेले नव्हते, असे वाचनात आले. हे खरे आहे का? तसे असल्यास वेढ्यात तहानलेल्या शहराने तयार पाणी का अडवावे, हे मला समजत नाही.

पंपहाउस

खरे आहे. यंत्रणा 1994 च्या सुरुवातीला तयार होती, तरी पाण्याच्या शुद्धतेवर शंका घेऊन स्थानिक अधिकाऱ्यांनी मंजुरी लांबवली आणि पुरवठा त्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत रखडला. त्यामागे पाण्याच्या काळ्या बाजारात कोणाचे हितसंबंध होते, किंवा रांगांची छायाचित्रे जगापुढे जात राहणे कोणाला सोयीचे होते, असे आरोप तेव्हा झाले.

आरोपांची शहानिशा येथे बसून होणार नाही, पण शुद्धतेची शंका निव्वळ सबब होती असे मी म्हणणार नाही. वाहिनी दाबाखाली भरलेली असते तोवर फुटीतून पाणी बाहेर जाते. पुरवठा बंद पडला की दाब उतरतो आणि त्याच फुटीतून शेजारच्या गटाराचे पाणी आत येते. आपल्या शहरात नळ एक दिवसाआड येतो, आणि आला की घरोघरी टुल्लू पंप लावून वाहिनीतून पाणी ओढतात. मग शेवटच्या घरातल्या नळाची पहिली बादली कशी येते, ते तेथल्या बाईला विचारावे. सारायेव्होच्या वाहिन्या तर दोन वर्षे गोळ्यांनी हादरलेल्या होत्या. बोगद्यात पाणी शुद्ध निघणे आणि ते नळापर्यंत शुद्ध पोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपाय एकच, तो म्हणजे शेवटच्या टोकालाही क्लोरीन शिल्लक राहील इतके द्यायचे आणि दाब खाली येऊ द्यायचा नाही. तरीसुद्धा, थोड्या संशयास्पद पाण्याचा नळ आणि तोफेच्या माऱ्यातली रांग यांतून निवडायचे असेल, तर मी नळ सोडून लोकांना पाणी उकळून प्यायला सांगितले असते. कागदावर सही करणाऱ्याने रांगेत उभे राहायचे नसते, हा जगभरचा अनुभव आहे.

आडा_बाजार

इंदूरकरांनी या धाग्यावर पॅट्रिक गेडिस यांना विसरू नये. होळकर दरबारासाठी त्यांनी केलेला नगररचनेचा अहवाल 1918 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. प्लेगने शहर हैराण होते आणि तेव्हाच्या अधिकाऱ्यांचा कल जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याकडे होता. गेडिस यांनी आधी गल्ल्या पायी फिरून पाहिल्या. वस्ती न पाडता, जेथे एखादे पडके घर हलवले की उजेड आणि वारा येतो तेवढीच शस्त्रक्रिया करावी, असे त्यांनी सुचवले. प्लेगविरुद्ध त्यांनी हुकूम काढले नाहीत. दिवाळीच्या निमित्ताने शहरभर मिरवणूक काढली, तीत उंदराची मोठी प्रतिमा होती, आणि ज्या गल्ल्या स्वच्छ असतील तेथून मिरवणूक जाईल असे जाहीर केले. लोकांनी आपण होऊन घरे साफ केली.

क्यूनीने गेडिस वाचले होते किंवा नाही, याला महत्त्व नाही. आधी पाहा आणि मग हात घाला, ही दोघांचीही पद्धत होती. सारायेव्होच्या जुन्या टाक्या त्याला सापडल्या त्याही अशाच, कारण त्याने नवे शहर आखण्याआधी जुने शहर पाणी कोठे साठवत होते, हे शोधले.

शाईपेन

महूवाला साहेबांच्या शंकेवर लिहिते. पत्रकारितेत काम केल्यामुळे माझा कल कोणत्या बाजूला आहे ते आधीच उघड आहे.

बियाफ्राने क्यूनीला घडवले तसेच आणखी एका गोष्टीला जन्म दिला. रेड क्रॉसच्या वतीने तेथे गेलेल्या बर्नार कुश्नेर यांच्यासारख्या फ्रेंच डॉक्टरांना जे दिसते त्यावर गप्प बसण्याची अट मान्य होईना, आणि त्यातून डिसेंबर 1971 मध्ये ‘मेदसँ सां फ्रोंतिएर’ ही सीमा न मानणाऱ्या डॉक्टरांची संघटना उभी राहिली. तेव्हापासून हा वाद मिटलेला नाही. बोलले तर दार बंद होते आणि रुग्ण मागे राहतात. न बोलले तर उद्या नवे रुग्ण तयार करणाऱ्याला मोकळे रान मिळते. क्यूनीच्या लेखाचा हेतू टीकेपुरता नव्हता. ग्रोझ्नीच्या तळघरांत अडकून पडलेल्यांत म्हाताऱ्या रशियन माणसांचाही मोठा भरणा होता, आणि त्यांना बाहेर काढण्यापुरता युद्धविराम व्हावा, अशी त्याची खटपट चालली होती. हे न लिहिता कसे साधणार होते?

आणि तटस्थपणाचे चिलखत किती जाड असते तेही पाहावे. 17 डिसेंबर 1996 रोजी त्याच चेचन्यात, नोव्हिये अतागी गावात, रेड क्रॉसच्या रुग्णालयात झोपलेल्या सहा परदेशी कर्मचाऱ्यांना बंदूकधाऱ्यांनी ठार केले. त्यांनी कोणताही लेख लिहिलेला नव्हता.

महूवाला

शाईपेन ताई, नोव्हिये अतागीचे उदाहरण मला मान्य आहे, आणि त्याने माझा मुद्दा बराच ढिला होतो हेही कबूल करतो. परंतु सहाजणांचा खून झाला तेव्हा साऱ्या जगाने तो तटस्थतेवरचा हल्ला म्हणून निःसंदिग्धपणे पाहिला. क्यूनीच्या बाबतीत कोणी, कोणासाठी आणि का मारले, याचाच घोळ महिनोन्‌महिने राहिला, आणि अफवा पेरणाऱ्याचे काम त्यामुळे सोपे झाले. लेख लिहावा, पण लिहिल्यावर तेथे दुसऱ्याला पाठवावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पंपहाउस

महूवाला साहेब, दुसऱ्याला पाठवावे, हे क्यूनीला पटले नसते. ते त्याच्या स्वभावात नव्हते आणि तो स्वभाव निर्दोष होता असे मी मानत नाही. अनेक संकटांतून सुखरूप परत आलेल्या माणसाला आपल्या अंदाजावर जरा जास्तच विश्वास बसतो. माझी खरी खंत वेगळी आहे. त्याच्याविषयी जेथे जेथे लिहिले गेले तेथे शीर्षकात तोच असतो, आणि दोन डॉक्टर व दुभाषी बाई एका वाक्यात उरकले जातात; माझ्या लेखातही त्यांच्या वाट्याला तेवढेच आले आहे. युद्धक्षेत्रात मारल्या जाणाऱ्या मदतकर्मींत बहुसंख्य त्याच देशातली माणसे असतात. त्यांना परत नेणारे विमान नसते आणि त्यांच्या शोधासाठी राष्ट्राध्यक्षांना पत्रे जात नाहीत.

खान_नदीकाठी

शेवटचा प्रश्न विचारतो. या माणसाच्या कामातले आज नेमके काय वापरात आहे? कॉलेजात आम्हाला छावणीच्या पाणीपुरवठ्याविषयी एक ओळही शिकवलेली नाही.

पंपहाउस

मदतसंस्थांनी 1997 मध्ये ‘स्फिअर’ नावाचा उपक्रम सुरू करून किमान मानके ठरवली. दर माणशी दररोज किमान 15 लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त 250 माणसे, घरापासून नळ 500 मीटरच्या आत, आणि एका शौचालयामागे 20 हून अधिक माणसे नकोत, असे आकडे त्यात आहेत. ही मानके एकट्या क्यूनीने लिहिली नाहीत, ती तर त्याच्या मागून आली. परंतु छावणी ही मोजमापाने आखायची वस्ती आहे, तो मालाचा गोदाम नव्हे, ही समज रुजवणाऱ्यांत तो आघाडीवर होता. 1983 साली ‘डिझास्टर्स अँड डेव्हलपमेंट’ हे त्याचे पुस्तक ऑक्सफर्डने काढले, आणि दुष्काळावरचे हस्तपुस्तक त्याच्या मागे 1999 मध्ये आले. तुमच्या अभ्यासक्रमाला पहिले अधिक उपयोगी पडेल. प्रकल्पासाठी विषय हवा असल्यास उन्हाळ्यात आपल्या शहरात टँकर येणारी एखादी वस्ती निवडा, तेथील लिटर, अंतर आणि रांगेतली मिनिटे मोजा आणि वरच्या आकड्यांशेजारी मांडा. दाब मोजण्याचे उपकरण लागले तर माझ्याकडे आहे, व्यक्तिगत निरोप करावा.